माझ्या फोनवर चालतंय की! मग गिऱ्हाइकाच्या फोनवर लॉगिन आणि पेमेंट कुठं अडतंय?

सगळ्यात आधी, तू पाठवलेल्या कोडच्या स्क्रीनशॉटमधे पेमेंट गेटवेचा (ऑनलाइन पैसे घेणाऱ्या सेवेचा) लाइव्ह "की सीक्रेट", म्हणजे गुप्त किल्ली, सरळ दिसतोय, आणि तो ॲपच्या कोडमधे आहे. पुढचं वाचायच्या आधी डॅशबोर्डवर जाऊन तो बदल. एपीके (ॲपची फाइल) उघडून आतल्या स्ट्रिंगा वाचायला कुणाला पाच मिनिटं लागत नाहीत. "की आयडी" (किल्लीचा उघड नंबर) ॲपमधे चालतो, सीक्रेट कायम सर्व्हरवरच.

आता तुझी अडचण माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे दोघं एकाच गोष्टीवर बोलतोय का ते कळेल. बेळगावच्या खडेबाजारातल्या एका मिठाईवाल्यासाठी तू कुंदा-करदंट घरपोच मागवायचं ॲप केलंयस, त्यात गूगल लॉगिन, नाहीतर मोबाईल नंबरवर ओटीपी, आणि गेटवेतून यूपीआय. तुझ्या फोनवर, भावाच्या फोनवर सगळं झक्कास. प्ले स्टोअरवर गेलं आणि तक्रारी सुरू झाल्या, गूगल लॉगिन होत नाही, ओटीपी आपोआप भरत नाही आणि काहींना येतच नाही, पैसे कटतात पण ऑर्डर फेल दाखवते. शिवाय जाता जाता तू लिहिलंस की खानापूर आणि निपाणीकडच्या ठरावीक गिऱ्हाइकांचं पेमेंट उघडतच नाही, तेच गिऱ्हाईक मुलाच्या फोनवरून करतं तेव्हा होतं. तू त्याला "तिकडं नेटवर्क बेकार आहे" म्हणून सोडून दिलंस. ते नेटवर्क नाही बहुतेक, त्यावर येतोच.

एक गोष्ट मात्र डोक्यात पक्की बसव. तू यूएसबी लावून टाकलेलं ॲप आणि गिऱ्हाइकानं स्टोअरवरून उतरवलेलं ॲप ही दोन वेगळी ॲप आहेत. सही (ॲपवरची डिजिटल मोहोर) वेगळी, कोड आकसलेला, फोनची भाषा वेगळी, रॅम निम्मी. तुझ्या सगळ्या तक्रारी या फरकातूनच निघाल्यात, म्हणून कोड परत परत वाचण्यात वेळ घालवू नको, फरक कुठं कुठं आहे ते शोध.

गूगल लॉगिन. तू कॅच ब्लॉकमधे "काहीतरी चुकलं, पुन्हा प्रयत्न करा" असा टोस्ट (पडद्यावरची छोटी सूचना) टाकलायस, त्यानं तुलाही काही कळत नाही आणि गिऱ्हाइकालाही. खरा कोड लॉगमधे छाप. जुन्या पद्धतीत १० आला म्हणजे डेव्हलपर एरर, नवीन क्रेडेन्शियल मॅनेजर (अँड्रॉइडची लॉगिनची नवी सोय) वापरत असशील तर २८४४४ असा आकडा येऊन कन्सोलची मांडणी बरोबर नाही असं सांगतो. ७ म्हणजे नेटवर्क. १२५०१ म्हणजे माणसानं स्वतःच खिडकी बंद केली. तुझ्या वर्णनावरून तुझं १० किंवा २८४४४ च आहे.

कारण असं की गूगल दोन गोष्टी जुळवून बघतं, पॅकेजचं नाव आणि ज्या किल्लीनं ॲपवर सही झाली तिचा एसएचए-वन फिंगरप्रिंट (किल्लीची छोटी ओळखखूण). ऑगस्ट २०२१ पासून नवीन ॲप बंडल (एपीकेऐवजी स्टोअरला द्यायची फाइल) म्हणूनच चढवावं लागतं, आणि बंडल चढवलं की स्टोअर तुझी सही काढून स्वतःकडे ठेवलेल्या किल्लीनं परत सही करतं. म्हणजे तुझ्या लॅपटॉपवर डीबगची (चाचणीच्या ॲपची) एक किल्ली, चढवायची दुसरी, आणि गिऱ्हाइकाच्या हातात जातं त्याची तिसरीच. तू फायरबेसमधे (गूगलच्या ॲपसाठीच्या सेवेत) फक्त डीबगचा फिंगरप्रिंट टाकलायस, म्हणून तुझ्याकडे चालतं. प्ले कन्सोलमधे ॲप सायनिंगचं पान उघड, तिथं ॲप सायनिंगचा आणि अपलोडचा असे दोन्ही फिंगरप्रिंट असतात, ते दोन्ही, एसएचए-वन आणि एसएचए-२५६ सकट, फायरबेसमधे भर, कॉन्फिग फाइल परत उतरवून प्रोजेक्टमधे टाक, आणि थोडा वेळ थांबून बघ, लगेच दोन मिनिटात "अजून होत नाही" म्हणून दुसरं काहीतरी बदलायला जाऊ नको, मग कशानं झालं तेच कळत नाही. अजून एक गोम आहे, इंटर्नल ॲप शेअरिंगची लिंक देऊन टेस्ट करत असशील तर त्याची किल्ली चौथीच असते. इंटर्नल टेस्टिंग ट्रॅक वेगळा आणि इंटर्नल ॲप शेअरिंग वेगळं, नावं सारखी म्हणून लोक फसतात.

फिंगरप्रिंट बरोबर असूनही १० येत राहिला तर क्लायंट आयडी (गूगलच्या कन्सोलमधला नोंदणी नंबर) बघ. आयडी टोकन (लॉगिनचा पुरावा) मागताना वेब क्लायंटचा आयडी द्यायचा असतो, अँड्रॉइड क्लायंटचा नाही, आणि सगळेजण "आपलं ॲप अँड्रॉइड आहे की" म्हणून अँड्रॉइडचा डकवतात. अँड्रॉइडवाला क्लायंट कन्सोलमधे नुसता असावा लागतो, कोडमधे त्याचं नाव येत नाही. आणि क्रेडेन्शियल मॅनेजरमधे आधी परवानगी दिलेलीच खाती दाखव असा फिल्टर चालू ठेवलास तर पहिल्यांदा येणाऱ्या माणसाला खातंच दिसत नाही. आधी फिल्टर लावून विचार, काही मिळालं नाही तर फिल्टर काढून परत विचार.

काही जणांचं गूगल लॉगिन होतं पण पुढं "नाव रिकामं" किंवा प्रोफाइल उघडताना ॲप बंद पडतं असं लिहिलंयस, ते गूगलचं काम नाही. रिलीज बिल्डमधे आर-एट कोड आकसतो आणि क्लासमधल्या फील्डची नावं बदलतो, जीसॉन (सर्व्हरचं उत्तर वाचणारी लायब्ररी) मग सर्व्हरच्या उत्तरातलं नाव शोधतं आणि सापडत नाही म्हणून नल भरतं. उत्तराच्या क्लासमधल्या फील्डवर सीरियलाइज्ड-नेम लाव किंवा कीप रूल (नावं बदलू नको असा नियम) लिही. मॅपिंग फाइल (बदललेल्या नावांची यादी) चढवली असेल तर क्रॅश रिपोर्टमधे खरी नावं दिसतील.

ओटीपीकडे येऊ. आपोआप न भरण्याचं कारण परत तीच सही. एसएमएस रिट्रीव्हर (ओटीपी आपोआप वाचायची गूगलची सोय) वापरतोस तर मेसेजच्या शेवटी ११ अक्षरांचा हॅश (ॲपची खूण) लागतो, तो पॅकेजचं नाव आणि सहीच्या सर्टिफिकेटवरून निघतो, तू डीबग किल्लीवरून काढलेला हॅश सर्व्हरवर पक्का करून ठेवलायस आणि स्टोअरवरच्या ॲपचा हॅश वेगळा आहे. ॲप सायनिंगच्या सर्टिफिकेटवरून नवीन काढ.

पण हॅश बदललास की दुसरीकडे गाठ बसते. आपल्याकडे कंपनीच्या नावानं एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाप्रमाणे डीएलटीवर (मोबाईल कंपन्यांच्या नोंदणी पोर्टलवर) नोंदणी लागते, पाठवणारा, हेडर (मेसेजवर दिसणारं छोटं नाव) आणि मेसेजचा साचा तिन्ही. निघालेला प्रत्येक मेसेज साच्याशी ताडून बघतात आणि जुळला नाही की ऑपरेटर तो टाकून देतो. ८ मार्च २०२१ ला ही तपासणी कडक केली तेव्हा देशभर बँकांचे ओटीपीसुद्धा अडकले होते आणि काही दिवस ती थांबवावी लागली होती. तुझा हॅश साच्यात ठरावीक मजकूर म्हणून नोंदवला असेल तर हॅश बदलला की मेसेज पडलाच, आणि मग "आपोआप भरत नाही" वरून तक्रार "येतच नाही" वर जाते. आधी साचा मंजूर करून घे, मग सर्व्हरवरचा हॅश बदल. एसएमएसवाल्याच्या डॅशबोर्डवर डिलिव्हरी रिपोर्ट असतो, तिथं साचा जुळला नाही असं स्वच्छ लिहिलेलं येतं, आधी तो वाचायचा, मग टॉवरला शिव्या द्यायच्या. मालकाला मेसेज मराठीत आणि कन्नडमधे पाहिजे असेल तर खर्चाचा हिशेब आधीच सांगून ठेव, साध्या इंग्रजी एसएमएसमधे १६० अक्षरं मावतात, मराठी-कन्नडमधे ७०, त्यापुढं दोन मेसेजचे पैसे. ओटीपीला मी इंग्रजीच ठेवतो, माणूस आकडाच बघतो.

आता ती खानापूर-निपाणीची तक्रार. त्या गिऱ्हाइकांना एवढंच विचार, "फोनची भाषा कुठली ठेवलीय?" मराठी असं उत्तर आलं तर तिथंच बग सापडला.

तुझ्या कोडमधे रक्कम तयार करताना स्ट्रिंग फॉरमॅट वापरलंयस, दोन दशांश दाखवायला, आणि लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलेलं नाही. लोकेल दिलं नाही की अँड्रॉइड फोनचं लोकेल घेतं. मराठीची ठरलेली आकडेपद्धत देवनागरी आहे, म्हणून मराठीत ठेवलेल्या फोनवर तेच फॉरमॅट इंग्रजी आकड्यांऐवजी "४५०.००" असं देवनागरीत काढतं आणि ते तसंच्या तसं यूपीआय लिंकच्या रकमेत किंवा सर्व्हरच्या विनंतीत जातं. यूपीआय ॲपला ती रक्कम वाटतच नाही, ते लिंक नाकारतं किंवा रक्कम रिकामी दाखवतं. आणि गंमत म्हणजे फोन कन्नडमधे ठेवला तर चालतं, हिंदीत ठेवला तरी चालतं, कारण त्या दोन्ही भाषांत ठरलेले आकडे इंग्रजीच आहेत. त्यामुळं आपल्या भागात हा बग फार चकवतो. गोकाक-बैलहोंगलकडची गिऱ्हाइकं कन्नड फोनवरून बिनबोभाट पैसे भरतात, शहरातली पोरं इंग्रजी फोनवरून भरतात, आणि खानापूर तालुक्यातले नाहीतर निपाणीकडचे काका ज्यांनी हौसेनं फोन मराठीत करून घेतलाय तेवढे अडकतात, मग सगळ्यांना वाटतं की तो भागच खराब आहे. मुलाच्या फोनवरून का होतं? मुलाचा फोन इंग्रजीत आहे म्हणून!

उपाय सोपा आहे. माणसाला दाखवायची रक्कम आणि यंत्राला पाठवायची रक्कम वेगळी ठेव. दाखवताना खुशाल मराठी आकडे दाखव, छान दिसतात. पाठवताना लोकेल रूट (कुठल्याच भाषेचं नसलेलं) देऊनच फॉरमॅट कर. तारखेचंही तेच, सिंपल डेट फॉरमॅटला लोकेल नाही दिलं तर सर्व्हरला जाणाऱ्या विनंतीच्या हेडरमधली तारीख देवनागरीत जाते आणि सर्व्हर सही जुळत नाही म्हणतो. फ्लटरमधे इंटल पॅकेजचं नंबर फॉरमॅट मराठीत हेच करतं. आणि उलट्या बाजूनं पण बघ, कुणी मराठी कीबोर्डवरून मोबाईल नंबर देवनागरी आकड्यांत टाकला तर अँड्रॉइडवरच्या रेग्युलर एक्स्प्रेशनमधली (मजकूर तपासायच्या साच्यातली) आकड्याची खूण "आकडा आहे" म्हणून पास करते कारण तिथं कुठल्याही लिपीतला आकडा चालतो, आणि तुझा नोडवरचा सर्व्हर तोच नंबर नाकारतो कारण जावास्क्रिप्टमधे तीच खूण फक्त इंग्रजी आकडे धरते. आलेला नंबर आधी इंग्रजी आकड्यांत बदलून घे, पुढचं शून्य काढ, मग तपास.

रकमेवर आहोत तर अजून एक. गेटवेला रक्कम पैशात जाते, ₹४५० म्हणजे ४५०००. रुपये दशांशात ठेवून १०० नं गुणू नको, ४.३५ गुणिले १०० केलं तर फ्लोटमधे ४३४.९९९ असं काहीतरी येतं आणि पूर्णांक केला की एक पैसा खाल्ला, मग सर्व्हरची आणि गेटवेची रक्कम जुळत नाही. डेटाबेसमधे पहिल्यापासून पैसेच साठव, पूर्णांकात.

आता पैसे कटले पण ऑर्डर फेल, हे सगळ्यात नाजूक आहे कारण यात दुकानाचं नाव जातं.

येळ्ळूरच्या एखाद्या काकूंचा दोन जीबी रॅमचा फोन डोळ्यापुढं आण. काकूंनी "पैसे भरा" दाबलं, तुझं ॲप मागं गेलं, यूपीआय ॲप पुढं आलं. ते ॲप जडच, फोनला जागा कमी पडली, अँड्रॉइडनं मागचं तुझं ॲप मारून टाकलं. काकूंनी पिन टाकला, बँकेतून पैसे गेले, हिरवी टिक आली. त्या परत तुझ्या ॲपवर आल्या, पण ते ॲप आता नव्यानं सुरू झालंय, ज्या कॉलबॅकमधे तू "पेमेंट झालं, ऑर्डर नोंदव" लिहिलंयस तो मेमरीतून गेला. समोर होम स्क्रीन, बास्केट भरलेली जशीच्या तशी. काकू काय करणार? परत "पैसे भरा" दाबणार. दोनदा पैसे गेले, ऑर्डर एकही नाही, आणि संध्याकाळी काकूंचा मुलगा दुकानात.

तुझ्या आठ जीबीच्या फोनवर हे कधीच दिसणार नाही. डेव्हलपर ऑप्शनमधे "डोन्ट कीप ॲक्टिव्हिटीज" चालू कर आणि पेमेंट करून बघ. ॲप पूर्ण मरतं तसं काही ते करत नाही, पण तुझा कोड किती भुसभुशीत आहे ते लगेच कळतं.

मूळ गडबड अशी की तू ॲपला विचारून ऑर्डर ठरवतोयस. ऑर्डर सर्व्हरनंच ठरवायची. बटण दाबलं की आधी सर्व्हरवर ऑर्डर तयार कर, सर्व्हरनं गेटवेकडून ऑर्डर आयडी घ्यावा, तो ॲपमधे डिस्कवर लिहून ठेव, मग यूपीआय उघड. ॲप कधीही परत उघडलं, मरून उठलं, दोन तासांनी उघडलं, तरी पहिलं काम म्हणजे अर्धवट ऑर्डर आयडी आहे का बघायचं आणि सर्व्हरला विचारायचं. तोवर पडद्यावर "पैसे पोचले का तपासतोय, परत भरू नका" असं मोठ्या अक्षरात. झालं आणि नाही झालं याच्या मधली तिसरी अवस्था ठेवलीच पाहिजे, यूपीआयमधे पेंडिंग ही नेहमीची गोष्ट आहे. आणि काकूंनी परत बटण दाबलंच तर नवीन ऑर्डर आयडी काढू नको, जुनाच दे, रेझरपेसारख्या गेटवेवर एकदा पैसे जमा झालेल्या ऑर्डरवर दुसरं पेमेंट घेतलं जात नाही.

ॲपनं आणलेल्या यशावर भरवसा ठेवायचा नाही, ते कुणीही बनवून पाठवू शकतं. रेझरपे असेल तर ऑर्डर आयडी, मधे उभी रेघ, पेमेंट आयडी असं जोडून "की सीक्रेट"नं एचमॅक एसएचए-२५६ (गुप्त किल्लीनं निघणारी सही) काढायचा आणि आलेल्या सहीशी ताडायचा, आणि त्यातला ऑर्डर आयडी तुझ्या डेटाबेसमधला घ्यायचा, ॲपनं पाठवलेला नाही.

वेबहुक (पेमेंटचं काय झालं ते गेटवे आपणहून सर्व्हरला कळवतो तो निरोप) तू लावलायस पण "सही जुळत नाही" येतं म्हणून तपासणीच काढून टाकलीस, ती परत लाव! दोन कारणं असतात. एक, वेबहुकचा सीक्रेट वेगळा असतो आणि लोक एपीआयचाच टाकतात. दुसरं, एक्स्प्रेसमधे (नोडवरच्या सर्व्हर लायब्ररीत) जेसन पार्सर आधी बसलेला असतो, तू त्याचं परत स्ट्रिंग करून सही काढतोस, मोकळी जागा इकडची तिकडं झाली की सही गेली. आलेली बॉडी कच्ची, जशीच्या तशी घेऊन सही काढ. वेबहुकला उत्तर झटकन दे, रेझरपे पाच सेकंद थांबतं, तू त्याच वेळात पीडीएफ बिल बनवून मालकाला व्हॉट्सॲप पाठवत बसलास तर त्याला वाटतं पोचलंच नाही आणि तो परत पाठवतो. तोच वेबहुक दोनदा येणार, उलट्या क्रमानं पण येणार, हे धरूनच लिही, इव्हेंटचा आयडी साठव, आधी आलेला असला तर गप दोनशे ("पोचलं" असा कोड) देऊन सोड.

वेबहुकवरही पूर्ण अवलंबून राहायचं नाही, सर्व्हर बंद असताना आलेले हुकतात. दर दहा-पंधरा मिनिटांनी एक छोटं काम लावून ठेव, पेंडिंग ऑर्डरी घेऊन गेटवेलाच विचारायचं. काही पेमेंट आधी फेल दिसून नंतर ऑथराइज्ड (मंजूर) होतात, त्यावेळी ऑटो कॅप्चर (मंजूर पैसे आपोआप जमा करून घेणं) बंद असेल तर पैसे दुकानाकडं न येता ठरलेल्या मुदतीनंतर गिऱ्हाइकाला परत जातात आणि मालक म्हणतो कुंदा गेला, पैसेही गेले. डॅशबोर्डवर कॅप्चरची सेटिंग आजच बघ.

मालकाला पण सांगून ठेव की पैसे अडकले म्हणून गिऱ्हाईक आलं तर त्याच्याकडून १२ आकडी यूपीआय रेफरन्स नंबर घ्यायचा, स्क्रीनशॉटवर भांडायचं नाही. रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे यूपीआयनं दुकानदाराला केलेल्या पेमेंटमधे खात्यातून पैसे गेले पण दुकानाकडं खातरजमा पोचली नाही तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत आले पाहिजेत, त्यापुढं उशीर झाला तर दिवसाला ₹१०० भरपाई. एवढं शांतपणे सांगितलं की निम्मी भांडणं मिटतात.

बारीकसारीक आता पटापट. यूपीआय ॲपची यादी काही फोनवर रिकामी येते ती अँड्रॉइड ११ पासूनच्या नियमानं, मॅनिफेस्टमधे (ॲपच्या माहितीच्या फाइलमधे) क्वेरीज टॅग घालून यूपीआय स्कीम सांगावी लागते, आयफोनला इन्फो पीलिस्टमधे स्कीमांची यादी. पेमेंटचं पान वेबव्ह्यूमधे (ॲपच्या आतल्या ब्राउझरमधे) उघडलंस तर यूपीआयची लिंक वेबव्ह्यूला कळत नाही, अननोन यूआरएल स्कीम म्हणून पांढरं पान येतं, ती लिंक पकडून इंटेंटनं बाहेर सोडावी लागते, त्यापेक्षा गेटवेचं एसडीके (त्यांनी दिलेला तयार कोड) वापर. गूगल लॉगिन तर वेबव्ह्यूमधे चालतच नाही, ४०३ देतं. मालकाचा स्वतःचा यूपीआय आयडी घालून घरगुती लिंक बनवायचा विचार करतोयस तो सोड, यूपीआय ॲप अशा लिंका सुरक्षेच्या नावाखाली अडवतात आणि पैसे आले का ते सर्व्हरला कळायची सोय पण नाही.

एक तक्रार अजून आली नाही पण येणार, "रोज लॉगआउट होतंय". जांबोटी-कणकुंबीच्या रस्त्यावर नेट येतं जातं, ॲप एकाच वेळी दोन-तीन विनंत्या करतं, तिन्हींना टोकन (लॉगिनचा पास) संपलं असं उत्तर मिळतं आणि तिन्ही जणी एकदम रिफ्रेश टोकन (नवा पास मागायचं) वापरायला धावतात. पहिलीला नवीन मिळतं, जुनं रद्द होतं, दुसरी जुनंच दाखवते, सर्व्हरला चोरी वाटते आणि तो सगळंच बंद करतो. रिफ्रेशला एक कुलूप लाव, एकानं करावं, बाकीच्यांनी थांबावं. आणि सेशन आयपीला बांधलं असशील तर सोड, मोबाईल नेटवर आयपी बदलतच राहतो, कोगनोळीच्या पुढं कागलकडं गेलं की टेलिकॉम सर्कलसुद्धा बदलतं.

करायचा क्रम असा धर, सीक्रेट बदल, फिंगरप्रिंट भर, लोकेल नीट कर, मग ऑर्डर सर्व्हरवर ने. नंतर इंटर्नल टेस्टिंग ट्रॅकवर चढव आणि स्टोअरमधूनच उतरवून एखाद्या जुन्या फोनवर, भाषा मराठी करून, लाइव्ह कीवर ₹१ चं खरं पेमेंट कर, टेस्ट मोडमधे खरं यूपीआय ॲप उघडून पिन टाकायची वेळच येत नाही. त्यातून अडलंच तर लॉगकॅटमधल्या (अँड्रॉइडच्या लॉगमधल्या) मजकुराची कॉपी आणि गेटवेचा ऑर्डर आयडी पाठव, आणि यावेळी की झाकून पाठव.